शिवणीच्या आतले केस

घरातल्या बेसिनवर काळा थेंब.

‘काळी खार, मादी. आपल्याकडे एकमेव.’ संग्रहालयातल्या काचेच्या पेटीवरची पाटी.

सत्तरीतही कुळकुळीत असलेले सासरेबुवांचे केस.

कलपाचं अर्धं पाकीट. पण ते संग्रहालयाच्या कार्यशाळेत, सुयांच्या खणात.

सुनेने या चारही गोष्टी एका ओळीत लावल्या आणि तिला वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरायचं काम ती सासऱ्यांच्याच हाताखाली शिकली होती. ते निवृत्त झाले, तरी कार्यशाळेची किल्ली सोडत नव्हते. दुपारी तपासनीस येणार होते. खार अस्सल आहे, अशी सही तिने करायची होती. खोटी निघाली तर पाटीवरचं सासऱ्यांचं नाव जाणार, आणि खरं दडवलं तर तिची नोकरी.

तिने ओला कापूस शेपटीवर फिरवला. कापूस काळा झाला.

“बाबा, करड्या खारीला कलप लावलात?”

“सूनबाई, संशयाला औषध नसतं.”

“औषध नसतं. पाकीट असतं.” तिने ते टेबलावर आपटलं.

सासरे खुर्चीत बसले. “ऊन खाऊन तांबूस झाली गं ती. पोरं म्हणायची, काळी कसली, ही तर तपकिरी! मग माझ्या कलपातला थोडा दर वर्षी तिलाही लावत गेलो. पण मुळात ती कोळसा होती.”

“चोराच्या तोंडी सावाची भाषा.”

“मग उसव पोट. माझाच टाका आहे.”

तिने टाके कापले. शिवताना आत दुमडल्या गेलेल्या कातडीवर ऊन पडलं नव्हतं, कलपही पोचला नव्हता. तिने चिमट्याने केस फाकवले. टोकापासून मुळापर्यंत काळे. ओला कापूस फिरवला. पांढराच राहिला.

“बघितलंस?” सासरे म्हणाले.

“बघितलं. अस्सल होती, आणि तुम्हीच ती खोटी दिसेल असं केलंत.”

तिने तपासणीच्या दाखल्यावर लिहिलं: ‘जन्मतः काळी. नंतर रंगवलेली.’ सही केली आणि पेन सासऱ्यांपुढे धरलं. दुसऱ्या वाक्याखाली त्यांची सही हवी होती. त्यांनी चष्मा शोधायला बराच वेळ घेतला. चष्मा डोक्यावरच होता.

पाटीवर ‘एकमेव’ लिहिलं जाण्याआधी, खार झाडाखाली मरून पडलेली सापडली, तेव्हा वर घरट्यात तिची दोन पिल्लं होती: एक काळं, एक करडं.