पत्र्यावरची दाढ

आयुबनं सफरचंदाची फोड उजेडाकडं धरली. पातळ फोडीतून पलीकडची खिडकी दिसली, तेव्हाच ती लेकीच्या, अलिजाच्या हातावर ठेवली.

दवाखान्यातल्या बाकावर बसूनही त्याचे पाय क्लच-ब्रेक शोधत होते. अलिजाचं हर्नियाचं ऑपरेशन उद्या होतं. पोरीच्या अंगातलीच, रोगाशी लढणारी फौज दीड वर्षापूर्वी रक्त गोठवणाऱ्या घटकावरच उलटलेली. साधं खरचटलं तरी थांबायचं नाव नाही. त्यात महिनाभर दुधाची एक दाढ हलत होती. घरात चिक्की बंद, चिंचा बंद, शेजारचं मांजरसुद्धा बंद. ट्रक घेऊन जाताना हैदराबादच्या वाटेवरून आयुब घरी नळदुर्गला फोन लावायचा तो आधी दाढेची खुशाली विचारायला, मग आईची.

भूल देणाऱ्या प्रीती मॅडमनी दोघांना आत बोलावलं.

"कमरेत सुई देणार नाही. मणक्यात रक्त साकळलं तर पाय जातील. पूर्ण भूल, घशात नळी. हलती दाढ निसटून श्वासनळीत जायला नको. कुठंय ती?"

"डावीकडं, खाली," आयुब राखणदाराच्या ऐटीत म्हणाला.

मॅडमनी बॅटरी मारली.

"इथं काहीच नाही."

"परवा पडली," अलिजा म्हणाली. "दादीनं पत्र्यावर फेकली. नवी लवकर येते म्हणून."

"आत गेली नाही ना, त्या खात्रीसाठी छातीचा एक्स-रे काढूच. पण रक्त किती वेळ वाहिलं, ते आधी सांगा. त्यावर उद्याचं ठरेल."

आयुबनं आईला फोन लावला.

"अम्मी, दाढ पडली?"

"कुणाची? माझी?" अजीजाबी म्हणाल्या.

त्यानं फोन ठेवला आणि धाकट्या भावाला, तौफिकला व्हिडिओ कॉल करून पत्र्यावर चढवलं. मोबाईलमध्ये आधी एक चप्पल आली, मग शटलकॉक, मग रागावलेलं कबूतर.

"भाई, घावली!"

"दाखव."

तौफिकनं तळहात पुढं केला. तीन दाढा होत्या.

"यातली कोणती पायजे?"

आयुबनं पुन्हा मोजल्या. पत्रे नवे होते. गेल्या रमजानला त्यानंच टाकून घेतलेले. आजार त्याच्याही आधीचा. म्हणजे तिन्ही दाढा आजारातच पडलेल्या.

खालून अजीजाबींचा आवाज आला.

"तौफिक, त्याला सगळ्या नको दाखवू रे! गाडी चालवायची असती त्याला."

आयुबचे पाय थांबले. त्यानं फोन मॅडमच्या हातात दिला.

"तुमीच विचारा. मला न्हाय सांगायची ती."

मॅडम ऐकत गेल्या. "हं... बर्फ. आमच्याच औषधाचा बोळा. बरं... तिन्ही वेळा? आणि मग थांबलं?" त्यांनी पेन उघडलं.

अलिजानं पिशवीतलं अख्खं सफरचंद काढलं. अब्बाकडं बघितलं. मग उजव्या बाजूनं जपून चावा घेतला.

आयुबनं तिला अडवलं नाही, खिडकीबाहेर बघितलं.