सात मिनिटं

लॉर्ना टेसिएने बावीस वर्षं विनिपेगमध्ये मोठमोठे समारंभ पार पाडले, पण एकही वेळेवर सुरू केला नाही. बर्फात गाडी लावायला जागा शोधणाऱ्यांसाठी ती दर वेळी सात मिनिटं थांबायची. साथ आल्यापासून मात्र तिने आणि तिचा भागीदार डॅरिल याने आपल्या गोदामातच कॅमेरे लावले होते. पाहुणे घरी बसून पडद्यावर कार्यक्रम बघत.

"सहाला एक मिनिट कमी," डॅरिल म्हणाला. "आजही थांबायचंय का बाईसाहेब? सोफ्याला पार्किंग लागत नाही म्हणे."

"कळलं रे. कर सुरू."

बरोबर सहाला गोदामातल्या पडद्यावर चारशे पाहुण्यांची नावं उमटली. लॉर्नाने हळूच गोदामाचं दार उघडलं. बाहेर तिची आणि डॅरिलची अशा दोनच गाड्या होत्या. बाकीच्या बर्फावर चाकाची एक रेघ नव्हती. कोटावरचा बर्फ झटकत, "सुरू झालं का हो?" विचारत कोणी येत नव्हतं.

"अगं, दार लाव! गारठलो मी," डॅरिल कुजबुजला.

"लावते," ती बाहेर बघत म्हणाली, "सात मिनिटांनी."

डॅरिलने कानटोपी चढवली.