चालू गाडीला फोन

दत्ताजीच्या नावातच ‘जी’ होता, त्यामुळे देवासच्या औषधांच्या पेढीत खुद्द सेठही त्याला नकळत मान देऊन बसत. नाव पणजोबांचं. ते म्हणे दरबारात होते. पणतू बावीस वर्षं पिकअप चालवत होता, धार, मनावर, गंधवानीच्या मेडिकलवाल्यांकडे घाट उतरून खोकी पोचवत. त्याची काही तक्रार नव्हती. हातात स्टेअरिंग आलं की त्याचं चित्त थाऱ्यावर असे.

पेढीचा जुना इन्चार्ज नोकरी सोडून गेला आणि सेठनी दत्ताजीला बोलावलं. “अब कुर्सी आप सम्हालो. पंधरा दिन बैठ के देख लो, फिर बताना.” कल्पनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे फार पटलं. त्याच्या कंबरेला रोज रात्री तेल तीच चोळायची. “पुरे झाला आता तो घाट,” ती म्हणाली. दत्ताजी पंधरा दिवसांपुरता हो म्हणाला खरा, पण गाडीची किल्ली काही त्याने परत केली नाही.

मनावर-गंधवानीच्या दुसऱ्या गाडीवर यशवंतराव होते; दत्ताजी त्यांना काका म्हणे. दत्ताजीला गाडी शिकवली ती त्यांनीच, डोक्यात टपल्या मारमारून. मोबाईल आले तेव्हा काकांनी एक नियम घालून दिला: चालू गाडीत फोन उचलायचा नाही. वाजतोय तर वाजू दे. रस्ता रुंद होईल तिथे गाडी बाजूला घे, मग बोल. जुना इन्चार्ज यावरून नुसता धुमसत असे आणि हे दोघं चहा पिताना त्याची नक्कल करून हसत.

खुर्चीत बसल्यावर दत्ताजीचं हसू आटलं. दिवसभर फोन. मेडिकलवाले विचारणार माल कुठे, सेठ विचारणार गाडी कुठे, आणि दोघांना उत्तर द्यायला हा एकटा. नवव्या दिवशी गंधवानीचा दुकानदार इंजेक्शनांसाठी अडून बसला होता. सेठनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दत्ताजीने काकांना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. चौथ्या खेपेला तर त्याच्या मनात आलं, काकांना आता जरा समज द्यायला हवी.

पाचव्यांदा फोन उचलला गेला. “हां, बोला...” एवढंच ऐकू आलं. मग ट्रकचा लांबलचक हॉर्न, पत्रा घासल्याचा आवाज, आणि फोन बंद.

त्यानंतर वीस मिनिटं फोन लागत नव्हता. दत्ताजीने कोणाला काही सांगितलं नाही. काकांच्या घरी जाऊन जानकीकाकूंना काय सांगायचं, कुठल्या शब्दांनी सुरुवात करायची, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. आपण माणूस मारला, असं त्याने स्वतःशी चक्क म्हटलं.

मग फोन आला. काकाच होते.

“हॅलो, साहेब. गाडी कठड्याला घासली. मला काही नाही झालं, माल पण ठीक आहे. चूक झाली माझी. पुढच्या वेळी पहिल्याच घंटीला उचलतो, साहेब.”

ज्यांच्या टपल्या खाऊन दत्ताजी क्लच शिकला, ते त्याची माफी मागत होते. फोन उशिरा उचलला म्हणून! त्याला स्वतःची किळस आली.

संध्याकाळी तो काकांच्या घरी गेला. जानकीकाकू चहा ठेवून आत गेल्या. “काका, मी उद्या सेठला सांगतो,” तो म्हणाला. “खुर्ची नको. माझी गाडीच बरी.” काका पाठीवर हात ठेवतील अशी त्याची समजूत होती.

काकांनी कप खाली ठेवला. “मतलब तू सुटला.”

“सुटलो म्हणजे?”

“तू उतरला तर खुर्ची काय रिकामी राहील? कोणी तरी बसेलच ना. तो फोन करेल, आणि मी उचलणार. माझी दोन वर्षं बाकी आहेत, दत्त्या. फोन उचलत नाही म्हणून दोन तक्रारी झाल्या आहेत, तिसरी झाली की सेठ घरी बसवेल. फोन तुझा होता म्हणून उचलला, असं नाही. खुर्चीचा होता म्हणून उचलला.”

“मग मी करू काय?”

“बस तिथेच. आणि फोन नको करू. बघ जमतं का.”

पंधरावा दिवस उजाडला. दत्ताजीने गाडीची किल्ली सेठच्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीत जाऊन बसला. दुपारी साडेतीनला सेठचा फोन आला. “मनावर की गाडी कहाँ पहुँची?”

“पता नहीं, सेठजी.”

“पता नहीं? तो पूछो उसको!”

“गाडी चल रही होगी. रुकेंगे तब बताएँगे.”

“और देर हो गई तो?”

“मेरे नाम पे लिखो.”

सेठ म्हणाले, “फिर आपको वहाँ बिठाया काय के लिए?” आणि फोन ठेवला.

चार वाजले. काकांचा फोन नाही. त्या घाटात बावीस वर्षं गाडी चालवताना दत्ताजी कधी घाबरला नव्हता. ती सगळी भीती आज खुर्चीत बसून वाटत होती. कोणत्या वळणावर असतील? समोरून काय येत असेल? एकदा हात पुढे गेला, तो त्याने मागे घेतला. सव्वाचार झाले. फोन टेबलावर त्याच्यासमोरच होता आणि तो नुसता त्याच्याकडे बघत बसला.