डॉक्टर मिलर यांची साक्ष

आसावरी अमेरिकेतल्या ट्रॉय शहरातली डेंटिस्ट. दोन वर्षांपूर्वी ती सिग्नलला थांबलेली असताना एका डिलिव्हरी ट्रकने तिची गाडी मागून ठोकली आणि तिच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर झाली. ड्रिल धरता येईना. क्लिनिक पार्टनरवर सोपवून तिने ट्रक कंपनीवर केस केली.

सगळी भिस्त हाताचे सर्जन डॉ. मिलर यांच्यावर होती. नस कायमची गेली, असं त्यांचं मत होतं. पण तज्ज्ञांची नावं कोर्टात द्यायची तारीख तिचा वकील, मैत्रिणीचा मुलगा देवांग, नऊ दिवसांनी चुकला. जजनी मिलर यांची साक्षच बाद केली.

"सॉरी मावशी. आपण अपील करू," देवांग म्हणाला. "तोवर उजव्या हाताने काही उचलू नका. ट्रक कंपनीचे लोक लपून फोटो काढतात."

आसावरी डाव्या हाताने जेवायला शिकली. ग्रोसरीच्या पिशव्या तिचा नवरा विनय उचलायचा.

चौदा महिन्यांनी वरच्या कोर्टाने सांगितलं, तारखा पाळून घेणं हे जजचं काम, त्यात आम्ही सहसा पडत नाही. पण नऊ दिवसांच्या उशिरापायी एकुलता तज्ज्ञ बाद करणं फारच झालं. साक्ष होऊ द्या. विनयने पेढे वाटले.

साक्षीआधी मिलर यांनी तिला पुन्हा तपासलं. बोटाला सुई टोचली.

"आई गं!"

डॉक्टर खूश झाले. "नस भरून आलीय की! मी चुकलो. पण स्नायू बारीक झालेत. हात वापरत का नव्हता?"

"वकिलांनी सांगितलं होतं."

गाडीत बसल्यावर तिला रडू आलं, आणि ते आनंदाचं नव्हतं, याची तिला लाज वाटली.

या तपासणीचा रिपोर्ट समोरच्या वकिलांनाही द्यावा लागला. दुसऱ्या दिवशी देवांगचा फोन आला. "मावशी, मिलरना आता आपण बोलवायला नको."

"अरे, चौदा महिने त्यांच्याचसाठी भांडलो ना?"

"हो. पण आता ट्रक कंपनी त्यांना बोलावतेय. मी ऑब्जेक्शन घेतो."

"काही नको. बरी झाले, हे मीच सांगेन. गेल्या त्या दोन वर्षांची भरपाई तेवढी मागू."

आठवड्यात तडजोड झाली. सोमवारी आसावरी क्लिनिकला गेली. दुपारपर्यंत मनगट ठणकायला लागलं. तिने कुणाला सांगितलं नाही. पुढच्या पेशंटला आत बोलावलं.