ऑस्टरगार्ड सुधारित

सेज क्रीक गावात दातांचे डॉक्टर व्हर्लिन ऑस्टरगार्ड यांचं एक वाक्य सगळ्यांना पाठ होतं: "दुखत नाही ना? मग हात लावायचा नाही." या वाक्यापायी त्यांनी वायोमिंगमधल्या कितीतरी धडधाकट दाढा वाचवल्या होत्या आणि तेवढीच गिऱ्हाइकं घालवली होती. अशा माणसाने ठणठणीत रायफलीचं काडतूस बसायचं घर कोरायला घ्यावं, याचं त्याला स्वतःलाही नवल वाटे. पण कोरणं थांबवण्याइतकं नाही.

रायफल सासऱ्यांची. एकबारी, खालची कडी ओढली की नळीमागचा ठोकळा खाली सरकतो, एक काडतूस आत जातं, ते उडवा, मग दुसरं. म्हातारा हायरम तिच्यावर जन्मभर हरणं मारत आला. गावच्या वार्षिक पिकनिकला नेमबाजीची स्पर्धा असे; तिथे त्याने शेवटच्या वर्षी मारलेला कागद काच लावून स्वयंपाकघरात टांगलेला होता: पाच भोकं, आणि पाचही जेलीच्या बाटलीच्या झाकणाखाली लपणारी. गावात नेमबाजीचं माप तेच. झाकणाखाली पाचही गेली तर नेमबाज, एक जरी बाहेर डोकावलं तर नुसता बाजारबुणगा.

त्या रायफलीत खोट कुठली? काही नाही. पण व्हर्लिनने एका मासिकात वाचलं की, काडतुसाचं घर आतून थोडं कोरलं तर पुंगळीचे, म्हणजे काडतुसाच्या पितळी कवचाचे, खांदे चौकोनी होतात, अंग सरळ होतं, आत चिमूटभर दारू जास्त मावते, आणि गोळी जोरात सुटते. अशा काडतुसाला 'सुधारित' म्हणायचं आणि त्याआधी सुधारणाऱ्याचं नाव लावायचं. व्हर्लिनचं मन दारूपेक्षा नावावर जास्त बसलं असावं, कारण घर कोरून व्हायच्या आधीच नळीवर अक्षरं खोदून झाली होती: 'ऑस्टरगार्ड सुधारित'.

"बाबांची रायफल आहे," त्याची बायको आयडेल म्हणाली. "मर्लला हवी होती, तरी मी तुझ्या हाती दिली."

"मी तिचं भलंच करतोय."

"कर. पण पिकनिकला बाबांच्या झाकणात पाच बसली नाहीत, तर त्याच संध्याकाळी ती मर्लच्या गाडीतून जाईल. मग माझ्याकडे तोंड पाडून बसायचं नाही."

मर्ल हा तिचा धाकटा भाऊ, गुरांचा डॉक्टर. बहिणीच्या नवऱ्याची थट्टा हे त्याचं एकमेव व्यसन.

आता या सुधारणेची गंमत अशी, की सुधारित काडतूस दुकानात मिळत नाही. दुकानातलं साधं काडतूसच कोरलेल्या घरात घालून उडवायचं. उडताना पुंगळी फुगते, घराचा आकार घेते, आणि रिकामी होऊन बाहेर येते ती नव्या खांद्यांची. मग ती पुन्हा भरायची. व्हर्लिनने वसंतभर असा साध्या काडतुसांचा धूर केला. गोळी कुठेतरी जायला हवी म्हणून समोर कागद लावायचा, एवढंच. त्या कागदांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. पुंगळ्या मात्र दागिन्यासारख्या पुसून ठेवल्या.

कागद आयडेल फडताळात अंथरायला नेई.

"जरा इकडेतिकडे मारत जा रे," ती एकदा कुरकुरली. "दरवेळी मधोमध एकच भोक. बरणी ठेवली की पाक खाली गळतो."

"हं," व्हर्लिन म्हणाला. तो तेव्हा तळघरात, गारव्यात, पुंगळ्यांमध्ये दारू काठोकाठ भरत होता.

पिकनिकच्या दिवशी ऊन रणरणत होतं. सगळ्यांना दिसावी म्हणून व्हर्लिनने आपली काडतुसं पिकअपच्या काचेखाली ओळीने मांडली होती. दुपारपर्यंत ती हातात धरवेनात. दारू तापली की दाब वाढतो, हे त्याच मासिकात पुढच्या पानावर लिहिलेलं होतं. व्हर्लिन आपलं नाव कसं दिसेल या विचारात ते पान उलटून पुढे गेला होता.

सरावाची एक गोळी माफ असे. ती सुटली. व्हर्लिनने कडी ओढली. पुंगळी जागची हलेना. पुन्हा ओढली. घरात फुगून ती अशी रुतून बसली होती, की जणू तिथेच उगवली.

"काय डॉक्टर," मर्ल मागून म्हणाला, "हलतेय का दाढ?"

"गप रे."

"आधी भूल दे की तिला. तोंड उघड म्हणावं, मोठ्ठा आ कर!"

व्हर्लिनने खिशातला चिमटा काढला, पाय रोवला, दात ओठ खाल्ले. बायका ॲपल-पाय कापायच्या थांबल्या. शेवटी नळीच्या तोंडातून सफाईचा गज घालून ठोकली तेव्हा पुंगळी टुणकन बाहेर पडली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. नेमबाजीत त्याला मिळालेल्या या पहिल्याच टाळ्या.

पंचाने घड्याळ दाखवलं. उरलेली सगळी काडतुसं तशीच तापलेली. मर्लने गाडीची मागची फळी खाली पाडली, रायफल ठेवायला जागा केली, वर घोंगडीही पसरली.

तेवढ्यात आयडेलने टोपलीतून, ॲपल-पायच्या ताटलीखालून, एक खोका काढला. पिकनिकनंतर पुंगळ्या घडवायला म्हणून व्हर्लिननेच तिच्याकडे दिलेली, दुकानातली साधी काडतुसं. सावलीत थंडगार.

"ही घे."

"अगं, ही साधी आहेत! ही नुसती फुगवायची असतात."

"माझी फडताळं बघितलीस कधी?"

बरणीखालचा पाक व्हर्लिनच्या डोक्यात हळूहळू झिरपला. खोका घेऊन तो नेम धरायला आडवा झाला.

पाच वेळा कडी ओढली, पाच वेळा पुंगळी मुकाट बाहेर आली.

पंच कागद घेऊन आला. आयडेलने स्वतः झाकण ठेवलं. एक भोक काठावर रेंगाळत होतं; तिने झाकण केसभर सरकवलं आणि तेही आत गेलं. मर्लने वाकून चारी बाजूंनी पाहिलं, उसासा टाकला आणि घोंगडी घडी करायला गेला.

"म्हणजे तुझी सुधारणा लागू पडली तर," परत येऊन तो म्हणाला.

व्हर्लिन गवतातून पुंगळ्या वेचत होता. पाचही चौकोनी खांद्यांच्या, देखण्या. "पडली ना," तो म्हणाला. "जगातलं हे एकच काडतूस, जे रिकामं झाल्यावर सुधारतं. मी स्वतःही त्याच जातीचा निघालो."

सोमवारी मर्ल दवाखान्यात आला तो आपली रायफल घेऊनच. "हिचंही घर कोरून दे."

"नेम लागत नाही?"

"लागतो की झकास."

"मग दुखतंय कुठे?"

"दुखत नाही रे. पण नळीवर माझं नाव शोभेल."

व्हर्लिनने त्याच्याकडे पाहिलं. आपलं जन्माचं वाक्य त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तो बोललाही असता. पण हात केव्हाच कप्प्यातल्या कोरायच्या हत्याराकडे गेला होता.