चिंतपूर्णीच्या वडाचा दोरा

चिंतपूर्णी देवीच्या श्रावणातल्या मेळ्याला स्वर्णा पहिल्यांदाच नवऱ्यावाचून निघाली होती. गाडी लेक चालवत होता, विपन. काचा बंद, आत गारेगार. हिला मेलं त्यात काही राम वाटेना. तरसेमलाल होते तेव्हा होशियारपूरपासून टेंपोच्या हौद्यात दाटीवाटीने बसायचं, ढोलकी, चिमटे, आणि घाटाच्या प्रत्येक वळणावर यांचा तो गगनभेदी, बेसूर जयकारा. बायका कानात बोटं घालायच्या. काय दिवस होते!

"बीजी, तोंड का पाडून बसलीस?"

"देवळातल्या वडावर तुझ्या बाऊजींचा दोरा आहे रे. नवस फळला की येऊन दोरा सोडायचा, नाहीतर देवीआईला दिलेला शब्द मोडतो. पण मागितलं काय, ते त्या भल्या माणसाने मरेपर्यंत सांगितलं नाही. आता सोडू की नको सोडू?"

विपनने गाडीचा वेग वाढवला. वाटेत गगरेटला लंगरात कढी-चावल घेऊन बसले, तेव्हा मात्र त्याचा घास हातातच राहिला.

"बाऊजींनी मला सांगितलं होतं. इथेच. शपथ घातलेली, तुला कळू द्यायचं नाही म्हणून."

"अरे, मग बोल ना!"

"म्हणाले, आईला सांगितलंय, स्वर्णाच्या आधी मला ने. साधा चहा येत नाही मला. ती गेली तर माझे हाल कुत्रा खाणार नाही."

"आप्पलपोटा कुठला!" स्वर्णा खळखळून हसली आणि हसता हसताच रडायला लागली. वाढणाऱ्याने घाबरून तिच्या ताटात आणखी कढी ओतली.

म्हणजे नवस फळला होता. दोरा सोडायलाच हवा.

दर्शन झाल्यावर ती वडापाशी आली. खोडावर लाल दोऱ्यांचे थरच्या थर. आपला कुठला ते कुणीच शोधत नाही. हाताला लागेल तो सोडायचा. तिने एक गाठ नखांनी उकलली, दोरा मुठीत घेतला, पण पाय निघेना.

"चल ना, बीजी. झालं की."

"त्यांचं झालं. त्याच दिवशी त्यांच्या शेजारी उभं राहून मीही एक बांधला होता."

"तू काय मागितलंस?"

"बायका काय मागतात? भांगात सिंदूर असताना मला ने. यांच्या आधी."

विपनने मान खाली घातली. स्वर्णाने पदराने डोळे पुसले आणि कळसाकडे बघत म्हणाली,

"आई तरी काय करणार बिचारी! मी मनातल्या मनात मागितलं. हे ओरडायचे केवढ्यांदा! त्यांचंच ऐकू गेलं तिला."