दारावरची फुली

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. रंग उडालेला, बिजागरी कुरकुरणारी. मला घडवणारा सुतार याच घरात राहतो. माझ्या कडा घासताना तो म्हणाला होता, "पोरांच्या हाताला कुसळ लागता कामा नये." इतका जपणारा बाप! म्हणूनच पुढचे सांगताना मला वाईट वाटते.

त्याचा थोरला मुलगा तान्हा असताना नर्सबाई लस टोचायला आल्या. घाईत होत्या. "काही होत नाही हो, दादा," म्हणाल्या आणि पुढच्या घरी गेल्या. संध्याकाळी पोराला ताप भरला, मांडी सुजली. दोन दिवस ते रडून रडून लाल झाले. तिसऱ्या दिवशी ते खेळू लागले. पण बापाच्या मनातला ताप काही उतरला नाही. दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. सुताराने तर ताकाचे भांडेच पालथे घातले.

मग घरात चिमणी जन्मली. ती नऊ महिन्यांची झाली तेव्हा नर्सबाई गोवराची लस घेऊन आल्या.

"नको म्हटलं ना, बाई! हवं तर या दाराला विचारा, तेही नकोच म्हणेल," सुतार म्हणाला.

मला मात्र कोणी विचारले नाही.

नर्सबाईंनी खडूने माझ्यावर फुली मारली. लस दिली की गोल, राहिली की फुली. फुली दिसली की त्यांची माणसे पुन्हा येत. शेजारीही सुताराला चिडवत, "काय रे, नापास झालास वाटतं!"

एके सकाळी कामावर निघताना त्याने ओल्या फडक्याने फुली पुसली. खिशातून फळ्यांवर खुणा करायचा खडू काढला आणि माझ्यावर गोल काढला. "मिटली कटकट," तो पुटपुटला.

आत चिमणीची आई वाटच पाहत होती. "आज हे कामावर आहेत तोवर टोचून घेऊ हं, बाळा. रागावले तर रागावू देत," असे ती चिमणीच्या कानात सांगत होती. दुपारी पावले वाजली. नवी नर्स होती. तिने गोल पाहिला आणि थाप न मारताच ती पुढे गेली. आईने हात पुसत मला उघडले, तेव्हा गल्ली रिकामी होती. मी आत उघडतो, मित्रांनो. माझी खूण माझ्यासोबत आत वळली, आणि तिची नजर गल्लीत होती, म्हणून तिला ती दिसली नाही. ती दिसली संध्याकाळी, मला बाहेरून ओढून घेताना. आई सुताराला काहीच बोलली नाही. बोलायला हवे होते, असे ती आजही म्हणते.

पुढच्या वर्षी वस्तीत गोवर आला. चिमणी वाचली. पण तिचे कान गेले.

पहिल्या नर्सबाई भेटायला आल्या आणि माझ्या उंबऱ्यावरच बसल्या.

"दादा, माझंही चुकलं. ताप येईल, दोन दिवसांत उतरेल, एवढं तेव्हाच सांगायला हवं होतं."

"तुम्ही सांगितलं नाहीत, आणि मी विचारलं नाही," सुतार म्हणाला. "भोगतेय मात्र ती."

मला तोंड असते, तर त्या दुपारी मी ओरडून सांगितले असते की हा गोल खोटा आहे. पण मी लाकूड. तुम्ही लाकूड नाही. ज्याची भीती वाटते ते विचारा, पुन्हा पुन्हा विचारा. आणि कोणी तुम्हाला विचारले, तर पुढच्या घरी जायची घाई करू नका. खरे ते सगळे सांगा.

आता संध्याकाळ झाली की चिमणी माझ्यामागे येऊन बसते आणि तळहात माझ्यावर टेकवते. बाहेरून सुतार थाप मारतो. ती तिला ऐकू येत नाही. माझी थरथर तिच्या हाताला कळते, आणि ती हसत कडी काढते. तिच्या हाताची ती जागा त्याने पुन्हा घासून गुळगुळीत केली आहे.